डोमिटियानस दुसरा: दोन नाण्यांवर उरलेला रोमन बंडखोर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इ.स. २७१च्या सुमारास गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या भूमीवर, डोमिटियानस नावाच्या एका माणसाने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. त्याचा पुतळा नाही, शिलालेख नाही, थडगं नाही. त्याच्या नावाची दोन लहानशी नाणी आहेत, आणि जुन्या ग्रंथांत हे नाव ओझरतं आलेलं आहे. त्यातला एक ग्रंथ तर प्राचीन जगातल्या सर्वांत बेभरवशाच्या पुस्तकांत मोडतो. एवढ्याशा पुराव्यावर एका माणसाबद्दल काय म्हणता येतं आणि कुठे थांबायला हवं, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

डोमिशियन नावाचा सम्राट तर पहिल्या शतकातला ना? हा तोच का?

नाही. लॅटिनमध्ये दोघांचं नाव एकच, डोमिटियानस. पहिला सम्राट व्हेस्पेशियनचा धाकटा मुलगा. त्याने इ.स. ८१ ते ९६ राज्य केलं, आणि इंग्रजी वळणाने आपण त्याला डोमिशियन म्हणतो. आपला डोमिटियानस त्याच्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी झाला. गोंधळ टाळण्यासाठी अभ्यासक त्याला ‘डोमिटियानस दुसरा’ म्हणतात.

याच नावाचा तिसरा माणूसही आहे. लुसियस डोमिटियस डोमिटियानस याने २९७ साली इजिप्तमध्ये सम्राट डायोक्लेशियनविरुद्ध बंड केलं. त्याचा विषय पुढे येईल, कारण त्याचीही गोष्ट ग्रंथ आणि नाणी यांच्यातल्या तफावतीचीच आहे.

त्या काळात रोममध्ये एवढं काय बिघडलं होतं?

२३५ ते २८४ या पन्नासेक वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट आले, आणि त्यातले बहुतेक आपल्याच सैनिकांच्या हातून गेले. २६० साली तर सम्राट व्हॅलेरियन इराणच्या सासानी राजा शापूरच्या हाती जिवंत सापडला. राज्य त्याचा मुलगा गॅलिएनस याच्याकडे आलं, पण त्याच वर्षी ऱ्हाइनच्या सरहद्दीवरच्या पोस्टुमस नावाच्या सेनापतीने गॉलमध्ये स्वतःला सम्राट घोषित केलं.

पोस्टुमसचं वेगळेपण असं की तो रोमवर चालून गेला नाही. गॉल, ब्रिटन आणि काही काळ स्पेन एवढा मुलूख त्याने सांभाळला आणि ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्यांना अडवून धरलं. या राज्याला आज ‘गॅलिक साम्राज्य’ म्हणतात. ते जवळपास चौदा वर्षं टिकलं. स्वतःचे कॉन्सल (रोमच्या पद्धतीचे सर्वोच्च अधिकारी), स्वतःची टांकसाळ, स्वतःचं सैन्य, सगळं रोमच्याच धर्तीवर. त्यातले लोक स्वतःला रोमनच समजत.

२६९ साली लेलियानस नावाच्या माणसाने मेन्झ शहरात पोस्टुमसविरुद्ध बंड केलं. पोस्टुमसने ते मोडलं, पण शहर लुटू दिलं नाही म्हणून त्याच्याच सैनिकांनी त्याला ठार केलं. मग मारियस आला, तोही लवकरच गेला. त्यानंतर व्हिक्टोरिनस. २७१च्या आसपास कोलोनमध्ये त्याचा खून झाला. आपल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोवर त्याने हात टाकला होता आणि त्या अधिकाऱ्याने सूड घेतला, असं जुने लेखक सांगतात. व्हिक्टोरिनसची आई व्हिक्टोरिया हिने पैसा ओतून सैन्याला टेट्रिकसच्या मागे उभं केलं, अशीही हकिकत आहे. टेट्रिकस या राज्याचा शेवटचा सम्राट ठरला. २७४ साली शालों इथे रोमचा सम्राट ऑरेलियन याने त्याला हरवलं आणि गॉल पुन्हा रोमला जोडलं गेलं.

व्हिक्टोरिनस गेला आणि टेट्रिकस अजून स्थिरावलेला नाही, या मधल्या फटीत डोमिटियानस उभा आहे.

मग त्याने बंड नेमकं कोणाविरुद्ध केलं?

रोममध्ये तेव्हा ऑरेलियन सम्राट होता (२७० ते २७५). ‘ऑगस्टस’ ही सम्राटाची पदवी परवानगीशिवाय घेणारा कोणीही कायद्याने त्याचा शत्रूच, त्यामुळे डोमिटियानस ऑरेलियनविरुद्धचा बंडखोर ठरतोच. प्रत्यक्षात मात्र त्याच्या दारात उभा असलेला प्रतिस्पर्धी व्हिक्टोरिनसचा वारसदार, म्हणजे टेट्रिकस. फुटून निघालेल्या राज्यात त्याने पुन्हा फूट पाडली. लेलियानसने पोस्टुमसशी जे केलं तीच ही वाट होती.

जुन्या ग्रंथांत अशा माणसांना ‘टायरंट’ म्हणतात. म्हणजे ते जुलमी होते का? की तोतये?

दोन्ही नव्हे. त्या काळच्या लॅटिनमध्ये ‘टिरान्नस’ म्हणजे हक्क नसताना सम्राटपद बळकावणारा आणि अखेर हरलेला माणूस. जिंकला असता तर तोच सम्राट म्हणून नोंदला गेला असता. प्रजेशी तो कसा वागला याच्याशी या शब्दाचा संबंध नव्हता.

‘तोतया’ म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. तो दुसऱ्या माणसाचं नाव घेऊन आला होता. डोमिटियानसने आपलं स्वतःचंच नाव नाण्यावर घातलं. ‘बंडखोर’ किंवा ‘प्रतिसम्राट’ हे शब्द इथे जास्त योग्य आहेत.

पहिलं नाणं कुठे सापडलं? त्यावर कोणी विश्वास का ठेवला नाही?

१९०० साली, पश्चिम फ्रान्समध्ये नांत शहराजवळच्या ले क्लेओं इथे. तिथे पुरलेल्या हजाराहून जास्त रोमन नाण्यांच्या साठ्यात हे एक निघालं, आणि पुढल्याच वर्षी एका फ्रेंच नाणकशास्त्रीय नियतकालिकात त्याची माहिती छापून आली. नाणं नांतच्या दोब्रे संग्रहालयात गेलं.

पण नाणं एकच होतं. गॅलिक साम्राज्याच्या सम्राटांची यादी जुन्या इतिहासकारांनी दिलेली आहे. युट्रोपियससारखा चौथ्या शतकातला लेखक पोस्टुमसपासून टेट्रिकसपर्यंत नावं मोजतो, पण त्यांत डोमिटियानस नाही. एकोणिसाव्या शतकात दुर्मीळ रोमन नाण्यांना संग्राहक भरपूर पैसे मोजत. साध्या नाण्यावरची अक्षरं कोरून बदलायची आणि ‘अज्ञात सम्राट’ तयार करायचा, हा बनावटखोरांचा नेहमीचा उद्योग होता. त्यामुळे शंका घेणारे चुकीचं वागत होते असं मला वाटत नाही. त्यांच्या हाती जेवढा पुरावा होता तेवढ्यावर शंका घेणंच रास्त होतं. शंभर वर्षं हे नाणं संशयित म्हणून पडून राहिलं.

दुसरं कसं मिळालं?

२००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या चालग्रोव्ह गावाच्या शिवारात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. आपल्याकडे गुप्तधनाचा हंडा म्हणतात तसंच, फक्त त्यात सोनं नव्हतं. नाणी जवळपास ५,०००, सगळी त्या काळची हलक्या धातूची, आणि सतराशे वर्षं मातीत राहून एकमेकांना घट्ट चिकटलेली. ब्रिटनमधल्या १९९६च्या कायद्याप्रमाणे असा साठा सरकारला कळवावा लागतो. तो संग्रहालयाने घेतला तर मोबदला शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वाटला जातो. त्यानुसार मडकं ब्रिटिश म्युझियमकडे गेलं.

तिथे जतन विभागाने एकेक नाणं सोडवून साफ केलं. त्या गठ्ठ्यात एका नाण्यावर ‘डोमिटियानस’ अशी अक्षरं दिसली. २००४च्या सुरुवातीला ही बातमी जाहीर झाली. नाणं आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्युझियममध्ये आहे.

साठ्यातली नाणी साधारण २५० ते २८० या काळातली आहेत. म्हणजे मडकं पुरलं गेलं तेव्हा डोमिटियानसला जाऊन जेमतेम आठ-दहा वर्षं झाली होती. पुरणाऱ्याने हे नाणं बहुधा वेगळं म्हणून ठेवलंच नव्हतं. बाजारात हाताला आलं, बाकीच्यांसोबत मडक्यात पडलं.

ही दोन्ही नाणी ‘एकाच ठशाची’ आहेत असं म्हणतात. त्याचं एवढं महत्त्व का?

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत भक्कम वाटणारा भाग हाच, म्हणून इथे थोडं सविस्तर.

रोमन नाणं हाताने पाडलं जाई. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर धातूची तापवलेली चकती, आणि वरून दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव. प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरायचा. त्यामुळे एकाच सम्राटाच्या दोन ठशांवर नाकाचा बाक, दाढीच्या रेषा, अक्षरांमधलं अंतर यांत फरक पडतोच. दोन नाण्यांवर हे सगळं तंतोतंत जुळलं की ती एकाच ठशातून निघाली असं खात्रीने म्हणता येतं. ले क्लेओंचं आणि चालग्रोव्हचं नाणं दोन्ही बाजूंनी असं जुळतं.

आता बनावटपणाचा आरोप तपासून पाहा. फ्रान्समधलं नाणं १९००मध्ये जगासमोर आलं तेव्हा इंग्लंडमधलं जमिनीखाली होतं, तेव्हा त्यावरून कोणी नक्कल केली असणं शक्य नाही. उलट बाजूने, इंग्लंडमधलं नाणं हजारो नाण्यांच्या गंजून चिकटलेल्या गठ्ठ्यातून प्रयोगशाळेत बाहेर आलं, म्हणजे विसाव्या शतकात कोणी ते आत सरकवलं असणंही शक्य नाही. दोन देशांत, शंभर वर्षांच्या अंतराने, दोन स्वतंत्र साठ्यांतून एकाच ठशाची नाणी निघाली. याला एकच सरळ उत्तर उरतं. तिसऱ्या शतकात एका टांकसाळीत या माणसासाठी ठसे खरोखर कोरले गेले होते.

ठशांवरून आणखी एक अंदाज बांधता येतो. एका ठशातून हजारो नाणी पाडता येत. व्हिक्टोरिनससारख्या सम्राटासाठी असंख्य ठसे वापरले गेले, त्यामुळे त्याची कुठलीही दोन नाणी उचलली तर ठसे जुळण्याची शक्यता फारच कमी. डोमिटियानसची मात्र दोनच नाणी मिळाली आणि दोन्ही जुळली. म्हणजे मुळात ठसेच अगदी थोडे असावेत, आणि काम लवकर थांबलं असावं.

नाण्यावर आहे तरी काय?

एका बाजूला दाढीवाल्या माणसाचा चेहरा, डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असलेला मुकुट. असा मुकुट त्या काळी ‘अंतोनिनियानुस’ या नाण्यावर असे. (हे नाव आजच्या अभ्यासकांनी रूढ केलं, तेही ज्या बेभरवशाच्या ग्रंथाबद्दल पुढे बोलायचं आहे त्यातल्याच एका उल्लेखावरून.) भोवती ‘इम्प सी डोमिटियानस पी एफ ऑग’ अशी संक्षिप्त अक्षरं. पूर्ण अर्थ: सेनाधिपती सीझर डोमिटियानस, धर्मनिष्ठ, भाग्यवान, ऑगस्टस. म्हणजे सम्राटाच्या सगळ्या पदव्या.

दुसऱ्या बाजूला देवी कॉन्कॉर्डिया आणि ‘कॉन्कॉर्डिया मिलिटम’ हे शब्द, म्हणजे सैन्याची एकजूट. व्हिक्टोरिनसला त्याच्याच अधिकाऱ्याने मारल्यावर फौजेत किती गट पडले असतील याची कल्पना करता येते. नव्या माणसाची पहिली गरज सैनिकांना एकत्र धरण्याची होती. गादीवर येताच सैनिकांना बक्षीस वाटण्याची रोमन रीत होती, त्यासाठी नाणी लागत, आणि त्या नाण्यांवरूनच नव्या धन्याचा चेहरा छावण्यांतून पोचे.

चेहऱ्याची घडण व्हिक्टोरिनसच्या अखेरच्या आणि टेट्रिकसच्या सुरुवातीच्या नाण्यांच्या मधली वाटते. कारागीर तेच होते. म्हणून बहुतेक अभ्यासक ही टांकसाळ ट्रियरची (आजच्या जर्मनीतलं शहर) आणि साल २७१ धरतात.

यावरून काय सिद्ध झालं, आणि काय नाही?

सिद्ध झालं ते असं: डोमिटियानस नावाचा माणूस होता, त्याने ऑगस्टस पदवी घेतली, आणि निदान काही दिवस गॅलिक साम्राज्याची टांकसाळ त्याच्या हुकमाखाली होती. हे कमी नाही. टांकसाळ म्हणजे धातूचा साठा, कारागीर, पहारा. रस्त्यावर उभं राहून ‘मी सम्राट’ म्हणणाऱ्याला ते मिळत नाही.

तो मूळचा कुठला, वय किती, कोणत्या पदावर होता, कोणी मारला, यातलं काहीही नाणं सांगत नाही.

नाणी इतिहासाचा कणा कशी होतात हे मराठी वाचकाला नवं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा मुलूख सातवाहनांकडे गेला, हे त्या नाण्यांनी हजारो वेळा सांगितलं. पण जोगळटेंभीला साक्षीदार हजारो होते आणि जोडीला नाशिकच्या लेण्यांतले शिलालेखही होते. डोमिटियानसकडे दोन आहेत. साक्ष तितकीच खरी, फक्त फार तोकडी.

‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा काय प्रकार आहे?

हेड्रियनपासून, म्हणजे इ.स. ११७पासून, २८५च्या आसपासपर्यंतच्या सम्राटांची, त्यांच्या वारसांची आणि बंडखोरांची लॅटिनमधली चरित्रं. मधली २४४ ते २६० ही वर्षं गायब आहेत. ग्रंथ स्वतःबद्दल सांगतो की तो सहा वेगवेगळ्या लेखकांनी डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांच्या काळात लिहिला.

हे सहा लेखक शतकानुशतकं खरे मानले गेले. १८८९ साली हेरमान डेसाऊ या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की ग्रंथात नंतरच्या काळातली नावं आणि पदं आहेत, ३६०च्या आसपास लिहिणारा ऑरेलियस व्हिक्टर आणि त्यानंतरचा युट्रोपियस यांच्यातला मजकूर उचललेला आहे, आणि सहाही जणांची लकब एकच आहे. त्याचा निष्कर्ष: चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच माणसाने सहा खोटी नावं घेऊन हे सगळं लिहिलं. तपशिलांवर वाद आजही आहेत, पण मूळ निष्कर्ष बहुतेकांनी स्वीकारला आहे.

लबाडी सहा नावांवर थांबत नाही. ग्रंथात सव्वाशेच्या आसपास पत्रं, ठराव, भाषणं ‘अस्सल’ म्हणून दिली आहेत आणि ती जवळजवळ सगळीच बनावट आहेत. एके ठिकाणी लेखक म्हणतो की हा सिनेटचा ठराव मी रोममधल्या उल्पियन ग्रंथालयात, सहाव्या कपाटातल्या हस्तिदंती पुस्तकात पाहिला. कपाटाचा क्रमांकसुद्धा दिला आहे! अशा बारीक तपशिलाने वाचक भुलतो. फिर्मस नावाचा बंडखोर एका दिवसात अख्खं शहामृग खाई आणि मगरींमध्ये पोहे, असंही यात आहे. दुसरीकडे लेखक रोमच्या नगरप्रमुखासोबत रथातून जात असल्याचा प्रसंग रंगवतो. तिथे तो नगरप्रमुख त्याला सांगतो की खोटं न लिहिलेला इतिहासकारच नाही, तेव्हा तू हवं तसं लिही.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा भाग म्हणजे ‘तीस टायरंट’. प्राचीन अथेन्समध्ये तीस जणांची एक कुप्रसिद्ध राजवट होऊन गेली होती. तो आकडा लेखकाला आवडला. गॅलिएनसच्या काळात तीस बंडखोर झालेच नाहीत, मग आकडा भरायचा कसा? त्याने दुसऱ्या काळातले लोक आणले, पाल्मायराची राणी झेनोबिया आणि व्हिक्टोरिनसची आई व्हिक्टोरिया या दोन स्त्रियांना मोजलं, काही माणसं सरळ रचली. आफ्रिकेतला सेल्सस म्हणून एक आहे, जो सातव्या दिवशी मारला जातो आणि ज्याचं प्रेत कुत्री खातात. त्याला आज बहुतेक जण काल्पनिक मानतात. स्त्रिया मोजल्याबद्दल लोकांनी नाक मुरडलं असं सांगून शेवटी लेखक आणखी दोन पुरुष जोडतो. वर म्हणतो की मी हे लिहीत नाही, घाईघाईने सांगून उतरवून घेतो आहे, आणि पुस्तकात शैली नसली तरी सचोटी आहे.

त्या ग्रंथात डोमिटियानसबद्दल काय म्हटलं आहे?

दोन चरित्रांत त्याचा उल्लेख आहे. २६१च्या सुमारास मॅक्रिएनस नावाचा बंडखोर पूर्वेकडून गॅलिएनसवर चालून आला तेव्हा गॅलिएनसचा सेनापती ऑरिओलस याने त्याला हरवलं. त्या लढाईत ऑरिओलसच्या हाताखाली डोमिटियानस नावाचा शूर सरदार होता, विजय त्याचाच, आणि शत्रूचे ३०,००० सैनिक हाती आले, असं ग्रंथ सांगतो. हा सरदार आपली वंशावळ सम्राट डोमिशियन आणि त्याच्याच घराण्यातली डोमिटिला यांच्यापर्यंत नेत असे, अशीही जोड आहे.

वंशावळीवर मला काडीचाही विश्वास नाही. सम्राट डोमिशियनचा एकुलता एक मुलगा लहानपणीच वारला होता. शिवाय नाव सारखं दिसलं की त्याला जुन्या घराण्याशी जोडून द्यायचं, ही या लेखकाची नेहमीची सवय आहे.

इथे एका गोष्टीकडे सहसा कोणी पुरेसं लक्ष देत नाही. हा लेखक तीस बंडखोर भरण्यासाठी इतका हातघाईवर आला होता की त्याने माणसं रचली. तरीही डोमिटियानसला त्याने त्या यादीत घेतलेलं नाही. त्याच्याकडे तो फक्त सरदार आहे. यादीत टेट्रिकस आहे, व्हिक्टोरिनस आहे, मारियस आहे, म्हणजे गॉलची माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली होती. याचा माझ्या मते एकच अर्थ निघतो: डोमिटियानसच्या बंडाची वार्ता या लेखकाच्या साधनांत नव्हतीच. खोट्या बंडखोरांच्या शोधात असलेल्या माणसाच्या हातून एक खरा बंडखोर निसटला.

दुसरा ग्रंथ कोणता?

झोसिमसचा. हा इ.स. ५००च्या आसपास ग्रीकमध्ये लिहिणारा सरकारी अधिकारी, ख्रिस्ती धर्म न स्वीकारलेला. ऑरेलियनच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला सेप्टिमियस, उर्बानस आणि डोमिटियानस या तिघांनी उठाव केला, ते लगेच पकडले गेले आणि त्यांना शिक्षा झाली, एवढंच तो म्हणतो. एक वाक्य.

झोसिमस गोष्टी रचत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो घटनेनंतर सव्वादोनशे वर्षांनी जुने ग्रंथ संक्षेपाने उतरवतो आहे आणि संक्षेप करताना ठिकाणं गाळतो.

मग नाण्यावरचा, सरदार आणि झोसिमसचा, तिघे एकच माणूस आहेत का?

मोह होतो खरा. २६१मध्ये शूर सरदार, २७१मध्ये सम्राट, ऑरेलियनच्या हातून शेवट. सुटसुटीत चरित्र तयार होतं, आणि अनेक ठिकाणी ते तसंच छापलेलंही दिसतं.

आधी जुळणारी बाजू पाहू. ऑरिओलस स्वतः २६८मध्ये गॅलिएनसविरुद्ध उलटला आणि मिलानमध्ये त्याने चक्क पोस्टुमसच्या नावाने नाणी पाडली. म्हणजे ऑरिओलस आणि गॉल यांचा संबंध होता. ऑरिओलस मारला गेल्यावर त्याचा एखादा सरदार गॉलमध्ये आश्रयाला गेला असेल, हे सहज घडण्यासारखं आहे.

न जुळणारी बाजू अशी. २७१मध्ये ऑरेलियनची सत्ता गॉलमध्ये नव्हती. रोन नदीच्या पूर्वेचा काही भाग आधीच्या सम्राटाने परत घेतला होता, पण ट्रियर आणि कोलोन टेट्रिकसच्या लोकांकडे होतं. ट्रियरला नाणी पाडणाऱ्या माणसाला ऑरेलियनने ‘लगेच’ पकडलं कसं? झोसिमसचं वाक्य इटलीतल्या अशांततेच्या वर्णनाला लागून येतं. त्याचे तिघे इटलीतले कटवाले असतील तर त्यातला डोमिटियानस वेगळाच माणूस ठरतो. आणि हे नाव रोमन जगात दुर्मीळ नव्हतं.

माझं मत विचाराल तर नाण्यावरचा माणूस आणि झोसिमसचा माणूस एक असण्याची शक्यता आहे, पण तिच्यावर इमला रचू नये. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’तला सरदार तर बाजूलाच ठेवावा.

जो ग्रंथ खोटा आहे तो वाचायचाच कशाला?

कारण तिसऱ्या शतकासाठी दुसरं फारसं काही उरलेलं नाही, आणि खोटं बोलणारा प्रत्येक वाक्यात खोटं बोलत नाही. मराठेशाहीच्या इतिहासात बखरींबद्दल हाच वाद झाला. वि. का. राजवाड्यांनी अस्सल कागदपत्रांवर जोर दिला तो याचसाठी. बखरीतली सनावळी चुकते, संवाद रचलेले असतात, तरी एखाद्या नावाला, एखाद्या प्रसंगाला समकालीन कागदाचा दुजोरा मिळतो आणि ते वाक्य उभं राहतं. इथे कागदाची जागा नाण्याने घेतली आहे.

शिस्त मात्र हवी. नाण्याने डोमिटियानस हे नाव खरं ठरवलं म्हणून ग्रंथातली वंशावळ खरी ठरत नाही, ३०,००० सैनिक खरे ठरत नाहीत. दुजोरा जेवढ्याला मिळाला तेवढ्यालाच मिळाला.

ग्रंथ चुकले आणि नाण्यांनी दुरुस्त केलं, अशी आणखी उदाहरणं आहेत?

आहेत. गॉलचाच मारियस घ्या. तो लोहार होता आणि दोन-तीन दिवसच सम्राट राहिला, असं जुने लेखक सांगतात. त्याची नाणी मात्र इतकी सापडतात की दोन-तीन दिवसांत ती पाडणं शक्य नाही. आता त्याला काही महिने दिले जातात.

वर उल्लेख केलेला इजिप्तमधला डोमिटियानसही तसाच. जुने इतिहासकार अलेक्झांड्रियाच्या त्या बंडाचा म्होरक्या अकिलियस असल्याचं सांगतात. नाणी आणि पपायरसचे कागद मात्र सम्राट म्हणून डोमिटियानसचं नाव देतात. अकिलियस त्याच्या हाताखालचा अधिकारी दिसतो.

सम्राट प्रोबसविरुद्ध २८०च्या सुमारास उठलेला प्रोक्युलस दीर्घकाळ ‘हिस्टोरिया ऑगस्टा’तल्या चावट किश्श्यांमुळेच ओळखला जाई. त्याच्या नावाचं एक नाणं म्युनिकच्या संग्रहात आलं आणि २०१२ साली दुसरं यॉर्कशायरमध्ये सापडलं. सिल्बानाकस नावाच्या माणसाचा तर एकाही ग्रंथात पत्ता नाही, फक्त दोन नाणी आहेत.

स्पोन्सियानस नावाच्या आणखी एका कथित सम्राटाचं प्रकरण अजून पेटतं आहे. १७१३ साली ट्रान्सिल्व्हानियात सापडल्याचं सांगितलं गेलेलं त्याचं सोन्याचं नाणं बनावट म्हणून बाजूला पडलं होतं. २०२२मध्ये ग्लासगोतल्या नाण्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास झाला. त्यावरच्या झिजेच्या खुणा आणि मातीचे थर अस्सलपणाकडे बोट दाखवतात, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. अनेक नाणकशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, कारण घडण आणि अक्षरं फारच ओबडधोबड आहेत. डोमिटियानसच्या बाबतीत जो निर्णायक पुरावा होता, म्हणजे शास्त्रशुद्ध हाताळलेल्या साठ्यातून आलेलं जुळ्या ठशाचं नाणं, तो स्पोन्सियानसकडे नाही.

त्याने किती दिवस राज्य केलं?

नाणी इतकी कमी आहेत की काही दिवस ते काही आठवडे, यापलीकडे कोणी जात नाही.

त्याला सम्राटांच्या यादीत धरायचं की नाही?

रोमने मान्यता दिलेल्या सम्राटांच्या यादीत नाही. गॅलिक साम्राज्याच्या यादीत, लेलियानसप्रमाणे बंडखोर अशी खूण करून, जरूर धरावं. २००४मध्ये वृत्तपत्रांनी ‘विसरलेला सम्राट सापडला’ असे मथळे दिले होते. तो सापडला हे खरं, पण सम्राट हा शब्द त्याच्या स्वतःच्या दाव्यापुरता आहे.

नवा पुरावा मिळू शकतो का? कुठे?

गॉलमधल्या रस्त्यांवर अंतरदर्शक दगड असत आणि त्यांवर चालू सम्राटाचं नाव कोरलं जाई. टेट्रिकसच्या नावाचे असे दगड मिळाले आहेत. डोमिटियानसचा एक जरी मिळाला तर त्याचा हुकूम टांकसाळीबाहेर कुठवर चालत होता ते कळेल. त्याहून जास्त आशा जुन्या साठ्यांची आहे. फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या संग्रहालयांत व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस यांची हजारो नाणी पेट्यांत आहेत. तिघांचे चेहरे इतके सारखे की झिजलेल्या नाण्यावर अक्षरं नीट वाचली नाहीत तर डोमिटियानस सहज टेट्रिकस म्हणून नोंदला जाईल. चालग्रोव्हच्या मडक्यातही त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, मुकुटाभोवतीच्या अक्षरांवरून.